यादींत राहून गेलेलें कलम

तुळशीचें लग्न लागलें कीं पुण्यांत घरोघरीं कार्यांची धांदल सुरू होते. आणि पौषापूर्वींचे मुहूर्त साधण्याच्या या दिवसांतच, डिसेंबरांत, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव येतो. साखरपुडा झालेल्या जोडप्याच्या वाट्याला मग शनिवार-रविवार मोठे ओढाताणीचे येतात. सकाळीं लक्ष्मी रस्त्यावर शालू-पैठण्या, दुपारीं मावशीकडे केळवण, संध्याकाळीं मुकुंदनगरांत गाणें, आणि दुसरे दिवशीं आत्याबाईंकडे पुनः केळवण!

केळवण पूर्वीं वधूचें तिच्या आप्तांकडे व वराचें त्याच्या आप्तांकडे होई. आतां दोघांस एकत्र बोलावण्याची चाल पडली आहे, ती आम्हांस इष्ट वाटते. मात्र यजमानीणबाईंनीं आग्रह थोडा आंवरावा. मसालेभात, अळूची भाजी आणि आग्रहाची जिलबी यांनंतर विलंबित ख्यालास बसलेल्या भावी जांवयाची मान डुलते, ती नेहमींच रसिकतेनें डुलते असें नाहीं.

हा महोत्सव पंडित भीमसेन जोशी यांनीं १९५३ सालीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. २०११ सालीं पंडितजी निवर्तल्यावर त्यांचेंही नांव त्यास जोडलें गेलें. एके काळीं येथें रात्रभर गाणें चाले व श्रोते पहांटे घरीं परतत. ध्वनिक्षेपकांविषयींचे २०००चे नियम झाल्यावर ती प्रथा मागें पडली. रसिक त्याबद्दल हळहळतात. परंतु लग्नापूर्वीं मुलीनें रात्रभर बाहेर राहूं नये, ही आजोबांची हरकतही त्याबरोबर निकालांत निघाली!

दोघांनीं तीन तास शेजारीं बसावें आणि बोलूं नये, हा योग लग्नघाईंत दुसरीकडे कोठें येतो? तंबोरे जुळत असतां हा चुळबूळ करतो काय, ख्याल रंगांत आला असतां मध्येंच उठतो काय, मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाट देतो काय, हें तिला दिसतें. तिच्याविषयीं त्यालाही तेंच. उपाहारगृहांत समोरासमोर बसून केलेल्या गोड भाषणांपेक्षां हा परिचय आम्हांस अधिक भरंवशाचा वाटतो.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. आपल्या घरांतील कितीतरी मुली आठ-दहा वर्षें गाणें शिकलेल्या असतात. याद करतांना दोन्हीं पक्षांचीं वडील माणसें मानपान, कार्यालयाचें भाडें, व्याहीभोजन, सारें कलमवार लिहून काढतात. सुनेचा रियाज कोणत्या वेळीं व कोणत्या खोलींत व्हावयाचा, हें मात्र कोणी लिहीत नाहीं. सकाळची वेळ म्हणावी तर चहा, डबे आणि मामंजींची पूजा यांनीं ती आधींच व्यापलेली. 'गा कीं, कोण नको म्हणतें?' असें सर्वजण म्हणतात, आणि वर्षभरांत तंबोऱ्यावर धूळ बसते. कोणाचा दुष्ट हेतु नसतो. तास ठरलेला नसतो एवढेंच. गंगूबाई हनगल संसार आणि मुलेंबाळें सांभाळून हुबळीहून कुंदगोळास सवाई गंधर्वांकडे आगगाडीनें शिकावयास जात. त्यांची गाडीची वेळ ठरलेली होती, हें विसरूं नये.

म्हणून शनिवारचें गाणें ऐकून झाल्यावर, रविवारच्या केळवणाच्या पंगतींत, मुलीनें हा विषय स्वतः काढावा. आणि तो भावी सासूबाईंच्या समक्ष काढावा, नुसता नवऱ्या मुलाच्या कानांत नव्हे. त्या वेळेंत चहा कोण करील तेंही तेथेंच ठरावें. मुलगा तबला वाजवीत असेल तर त्याच्याही तासाची वाटणी त्याच वेळीं व्हावी.

तंबोरा सासरीं न्यावयाचा असल्यास रुखवतांत मांडूं नये; येणारेजाणारे हाताळतात आणि भोंपळ्यास तडा जातो. आदल्या आठवड्यांतच गवसणी घालून तो पोंचवावा, आणि कोणत्या कोपऱ्यांत ठेवावयाचा तें वधूनें स्वतः जाऊन पाहून यावें.