नव्या घराच्या डक्टची किल्ली कुणाकडे?

"इंटरनेटचा बाजार खुला आहे, ज्याला जे परवडेल ते तो घेईल" असं म्हणणाऱ्या मित्रांना माझं एक साधं आव्हान आहे. नव्या टॉवरमध्ये राहायला जा आणि तुमच्या पसंतीच्या कंपनीची फायबर स्वतःच्या घरात घेऊन दाखवा.

चाळीत, वस्तीत ब्रॉडबँड येतो तो बहुतेक वेळा गल्लीतल्या केबलवाल्याकडून. तार खांबावरून निघते, गॅलरीच्या कठड्यावरून सरकते आणि खिडकीतून आत येते. दिसायला गबाळा कारभार. पण एक केबलवाला नीट वागला नाही, तर दुसऱ्याची तार त्याच खिडकीतून आत येऊ शकते. टॉवरमध्ये तार येते डक्टमधून, म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत जाणाऱ्या उभ्या पोकळीतून. त्या डक्टच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली असते बिल्डरच्या नाहीतर सोसायटीच्या ऑफिसात. किल्लीवाल्याने एकाच कंपनीशी करार केला, की त्या इमारतीपुरता खुला बाजार संपला.

हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचंही तेच काम चालू आहे, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती वेगळ्याच. पुनर्विकासाच्या बैठकांमध्ये आपले लोक काय विचारतात? कॉर्पस फंड किती, लिफ्ट किती, मेंटेनन्स किती, पार्किंग कुणाला. प्रश्न सगळे रास्त. पण डक्ट कुणाच्या ताब्यात राहणार आणि त्यात किती कंपन्यांना जागा मिळणार, हे विचारणारा आवाज मी अजून ऐकलेला नाही.

"मोबाइल डेटा आहे की!" आहे. पण दिवसाच्या ठरलेल्या जीबीमध्ये एकाचं भागतं. ज्या घरात एक मुलगी एमपीएससीची लेक्चर बघते, एक पोरगा घरातून डेटा एंट्री करतो आणि धाकट्याचा कॉम्प्युटरचा क्लास चालू आहे, तिथे हॉटस्पॉट दुपारपर्यंत मान टाकतो. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख तुमचं सामान लावून होईपर्यंत थांबत नाही.

आता बदलायची वाट बघा. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ब्रॉडबँडसाठी तसं काही नाही. जुन्या कंपनीला आधी कळवा, राउटर परत करा, डिपॉझिटसाठी हेलपाटे घाला, मग नव्या कंपनीचा फॉर्म, पुन्हा केवायसी, पुन्हा लाइनमनची वाट. ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४ पासून ग्राहकाने फक्त नव्या कंपनीला सांगायचं. जुनं कनेक्शन बंद करण्याचा निरोप त्या कंपन्या आपापसात देतात. आपल्याकडे हे ओझं ग्राहकाच्या डोक्यावर. त्यात वर्षाचा प्लॅन आगाऊ भरलेला असेल तर कंपनी म्हणते, "शिफ्टिंग करून देतो." आणि नव्या पत्त्यावर येऊन सांगते, "तिथे फिजिबिलिटी नाही." पैसे मात्र तिच्याकडे.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये नेमका याच भ्रमावर बोट ठेवलं आहे. सरकारचं नियंत्रण नसलं की माणूस मोकळा होतो, हे त्यांना मान्य नव्हतं. त्या मोकळेपणात जमीनमालक भाडं वाढवायला मोकळा होतो, भांडवलदार कामाचे तास वाढवायला मोकळा होतो. सामान्य माणसाच्या वाट्याला खासगी मालकाची हुकूमशाही येते. डक्टची किल्ली ही त्याच हुकूमशाहीची छोटी आवृत्ती आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये येतो असं म्हटलं. निकाल उत्तम आहे. पण तो दिल्लीहून आपल्या मजल्यापर्यंत यायचा तर त्याच कुलूपबंद डक्टमधून यावा लागेल.

भांडवलशाहीचं माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेनेसुद्धा हे ओळखलं. केबल कंपन्यांनी इमारतींशी केलेल्या एकाधिकाराच्या करारांवर तिथल्या नियामकाने २००७ मध्ये बंदी घातली. मग कंपन्यांनी इमारतमालकांना कमाईत वाटा देऊन तोच खेळ मागच्या दाराने सुरू केला, तेव्हा २०२२ मध्ये त्यालाही लगाम घातला. आपल्या ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये काय केलं? इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारे देण्याचे नियम आणले, तेही ऐच्छिक. ज्या बिल्डरला फ्लॅट महाग विकायचे आहेत तो तारे मिरवेल. त्याच प्लॉटवरच्या पुनर्वसनाच्या इमारतीला तारे लावायला कोण येणार? विक्रीच्या इमारतीला वेगळं गेट, वेगळी लिफ्ट असते, हे आपण पाहतोच. डक्टचंही तसंच होणार.

भाडेकरूचं तर विचारूच नका. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. आडनाव कळल्यावर दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना घरं कशी नाकारली जातात, हे त्यात दिसतं. एवढ्या दिव्यातून ज्याला खोली मिळाली, तो तारेसाठी सेक्रेटरीशी भांडेल? जे नेट इमारतीत आहे ते मुकाट्याने घेईल, दोनशे रुपये जास्त देऊन.

सोसायटीवाल्यांची एक तक्रार मात्र खरी आहे. प्रत्येक कंपनीने येऊन भिंतीला भोकं पाडली तर इमारतीची चाळण होईल. मग नियम करा ना! डक्टमध्ये दोन-तीन कंपन्यांच्या पाइपला जागा ठेवा, ड्रिलिंगची वेळ ठरवा, सगळ्यांना एकच शुल्क लावा. एकाच कंपनीला आत घेऊन बाकीच्यांना गेटवर अडवणं ही इमारतीची काळजी नव्हे.

तेव्हा ज्यांची घरं पुनर्विकासात आहेत त्या तरुणांनी बिल्डरशी होणाऱ्या करारातच डक्टचं कलम घालून घ्यावं. ताबा मिळाल्यावर फार उशीर होतो, कारण तोवर बिल्डरने कुणाला तरी शब्द दिलेला असतो. ज्यांची सोसायटी झाली आहे त्यांनी समितीच्या सभांचं इतिवृत्त मागावं. सहकार कायद्याने सदस्याला ते पाहता येतं. एकाच कंपनीला परवानगी कोणत्या ठरावाने दिली, कशाच्या बदल्यात दिली, हे सर्वसाधारण सभेत विचारावं, तेही लेखी. घर बदलायचं ठरत असेल तर वर्षाचा प्लॅन भरू नये, महिन्याचाच ठेवावा. राउटर परत करताना पोच घ्यावी, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. कंपनी पैसे अडवत असेल तर तक्रार केंद्राकडून डॉकेट नंबर घ्या, तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जा. आणि "टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही" असं कुणी सांगितलं तर फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्यापुढे ठेवा. तिथे चालते.