भेग दिसली की बुजवा
काशीच्या अहिल्याबाई घाटावर पावसाळा सरला की गंगेने आणलेला गाळ उपसावा लागतो. डागडुजी चुकली तर दगडी पायऱ्याही खचतात. संगणकाचेही तसेच आहे. सॉफ्टवेअरमधील सुरक्षा-त्रुटींना १९९९ पासून ‘सीव्हीई’ हा ओळख-क्रमांक मिळतो आणि ‘सीव्हीएसएस’ ही गुणपद्धत शून्य ते दहा गुणांत त्यांचे गांभीर्य सांगते. ‘सीव्हीई-२०१७-०१४४’ या विंडोजमधील त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती दिली होती. तरी जूनअखेरीस तीच भेग वापरत ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम जगभर पसरला आणि न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. क्रमांक मिळतो, गुण मिळतात, दुरुस्तीही मिळते. ती वेळेत बसवणे मात्र आपल्याच हाती असते. आलेले अपडेट उद्यावर ढकलू नका.