परिचारिकेचा चेहरा

सन 2020 हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणी यांचे वर्ष म्हणून आधीच घोषित केले होते; कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्या वर्षी 12 मे रोजी दोनशे वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्याच वर्षी कोरोनाची साथ यावी आणि परिचारिकेवाचून आपले चालत नाही हे साऱ्या जगाला एकदम उमगावे, हा योगायोग विलक्षण खराच. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. परंतु जिचा चेहरा चिनी होता त्या परिचारिकेच्या वाट्याला काय आले, याची विचारपूस करण्यास त्या गजरात कोणास सवड झाली नाही.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्यावे. आपल्या रुग्णांची व वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी तो देश परदेशांतून आलेल्या परिचारिकांवर फार मोठ्या प्रमाणात विसंबून आहे. चीनमधून शिकावयास येऊन तेथेच नोकरीस राहिलेल्या मुलीही त्यांत आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये तेथील बाधितांची संख्या अद्याप अगदी थोडी होती. तेवढ्यातही मेलबर्नच्या एका प्रख्यात बालरुग्णालयात काही पालकांनी आशियाई चेहऱ्याच्या डॉक्टरांना व परिचारिकांना आपल्या मुलांस हात लावू देण्याचे नाकारले. त्या परिचारिका अलीकडे चीनला जाऊन आल्या होत्या काय? हा प्रश्न विचारण्याचीही त्या पालकांस गरज भासली नाही. पुढे लोवी संस्थेने केलेल्या पाहणीचा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला. चिनी वंशाच्या ऑस्ट्रेलियनांपैकी शेकडा 18 जणांस वर्षभरात वंशावरून मारहाण किंवा मारहाणीची धमकी सोसावी लागली होती. रात्रपाळी संपवून आगगाडीने घरी जाणाऱ्या परिचारिकेस अंगावर गणवेश असल्याने कोणी सोडून दिले असेल, असे मानण्यास आधार नाही.

मुखपट्टीची कथा तर उपहासास शोभणारी आहे. साथीच्या आरंभी निरोगी माणसाने मुखपट्टी वापरू नये, असाच सल्ला पाश्चात्त्य देशांत दिला जात होता. सार्स रोगाचा 2003 चा अनुभव गाठीशी असलेली चिनी माणसे मात्र ती लावून बाहेर पडत, आणि तेवढ्यावरून लोक त्यांना रोगी समजून दूर सरत. जून 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला. जुलैमध्ये मेलबर्न शहरात मुखपट्टी सक्तीची झाली. म्हणजे जी सावधगिरी मार्चमध्ये संशयाचे कारण होती, तीच जुलैमध्ये न पाळल्यास दंड! ज्यांनी आधी हेटाळणी केली होती त्यांपैकी कितीजणांस ती आठवली असेल?

याच देशाच्या सरकारने मार्च 2020 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांवरील पंधरवड्यास चाळीस तासांची कामाची मर्यादा सुमारे 20,000 विद्यार्थी परिचारिकांपुरती शिथिल केली. हातांची गरज होती, ती उघडपणे मान्यही झाली. चेहऱ्याचा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवावा, असा एकंदर व्यवहार होता.

भयाने माणूस विवेक सोडतो, त्याला किती दोष द्यावा, असे कोणी म्हणेल. आम्हांस रुग्णाच्या भयाविषयी विशेष तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती वॉर्डातील तंटा नको म्हणून निमूटपणे पाळीच्या तक्त्यावरील नाव बदलणाऱ्या व्यवस्थापकाविषयी. उपचार नाकारण्याचा अधिकार रुग्णास आहे, तो असलाच पाहिजे. एखाद्या स्त्री रुग्णाने स्त्री परिचारिका मागितली, तर त्यामागील संकोच समजण्यासारखा आहे. परंतु शुश्रूषा करणारीचा वंश निवडून मिळावा, हा अधिकार कोणत्या शास्त्रात बसतो? व्यवस्थापक तो देऊ करतो त्या क्षणी रुग्णाच्या मनातील भ्रम रुग्णालयाचा नियम होऊन बसतो. त्याची किंमत ती परिचारिका अपमानाने, आणि तिच्या वाट्याचे काम अंगावर घेणारी दुसरी श्रमाने भरते.

हे सर्व नवीन आहे असेही नाही. सन 1900 मध्ये प्लेगच्या भीतीने सॅन फ्रान्सिस्को शहरात चिनी वस्तीभोवती नाकेबंदी करण्यात आली. ती दोरी अशा खुबीने फिरविली होती, की गोऱ्यांची घरे नेमकी बाहेर राहावीत! न्यायालयाने याच भेदभावावर बोट ठेवून ती उठविली.

महाराष्ट्राने तरी या बाबतीत परक्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनमध्ये गेले. तेथील जखमी सैनिकांनी या परदेशी डॉक्टरच्या हातून शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि 1942 साली त्यांचा देह त्याच भूमीत पडला. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान या स्वतः परिचारिका होत्या. या नात्याचा आपण अभिमान मिरवितो. पण 2020 साली आपल्याच देशात, ईशान्येकडील आपल्याच भगिनींना रस्त्यावर ‘कोरोना’ म्हणून हाका मारण्यात आल्या. मार्चमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयास राज्यांना याबाबत लेखी ताकीद द्यावी लागली. तरीही मे महिन्यात दीडशेहून अधिक मणिपुरी परिचारिका कोलकात्यातील खाजगी रुग्णालये सोडून घरी परतल्या. संरक्षक साहित्याचा व वेतनाचा प्रश्न होता, तसाच वांशिक छळाचाही, असे त्यांनी सांगितले. शहराला त्यांची सर्वांत अधिक गरज होती तेव्हाच त्या गेल्या.

निदो तानिया या अरुणाचली तरुणाच्या दिल्लीतील मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने 2014 साली वांशिक अवमानाविरुद्ध स्वतंत्र कलमाची शिफारस केली होती. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत जमावाने वंशावरून केलेल्या हत्येसाठी तरतूद आहे. समितीने सुचविलेले अवमानाचे कलम तीत नाही. ते संसदेने आता घालावे. मुंबई-पुण्यातील रुग्णालयांना मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. वंश, प्रांत वा जात यांवरून परिचारिका बदलून मिळणार नाही, असा फलक प्रवेशदारी लावणे आणि तशी मागणी आल्यास मेट्रनने तिची लेखी नोंद ठेवणे, या दोन गोष्टी पुढच्या साथीची वाट न पाहता याच महिन्यात करता येण्यासारख्या आहेत.