धाव गेली, आडनाव राहिलं

सांगवीत चहाच्या टपरीवर मोबाइलवर क्रिकेट चाललं होतं. स्टीव्ह स्मिथ ठाण मांडून उभा. कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "स्मिथ म्हणजे आपला लोहारच की!" शेजारच्या आण्णांनी बशी खाली ठेवली. "मग त्याचा भाता कुठंय?" हशा झाला, आणि मला या आठवड्याचा विषय मिळाला.

पोराचं बरोबरच होतं. इंग्लंडात चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेकांची आडनावं पक्की झाली, तेव्हा पुष्कळांच्या हातात जे हत्यार होतं ते नावाला चिकटलं. टर्नर म्हणजे कातारी, पॉटर म्हणजे कुंभार, कार्टराइट गाड्या घडवणारा सुतार, फ्लेचर बाणांचा कारागीर. मार्गारेट थॅचरबाईंच्या सासरचं आडनाव म्हणजे छप्पर शाकारणारा. आपल्याकडं हे काम उसाच्या पाचटानं व्हायचं. खरी गंमत वेब्स्टरची. यातलं 'स्टर' हे शेपूट मुळात बाईमाणसाचं, म्हणजे वेब्स्टर ही साळीण. पुढं ते पुरुषांनाही चालू लागलं आणि शब्दकोशवाले नोआ वेब्स्टर साळिणीचं नाव घेऊन जगभर गाजले. आपली कासारीण दारोदार बांगड्या भरत फिरली, पण 'कासारीण' असं आडनाव लावणारा बाप्या माझ्या तरी पाहण्यात नाही.

आपल्या शब्दांची घडणही साधी आहे. लोहकाराचा लोहार झाला, कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार. सुतार मात्र सूत्रधारावरून आला, मापाचं सूत धरणारा. नाटकातला सूत्रधार त्याचाच भाऊबंद. हत्यारांना धार लावणारा शिकलगार आणि घोड्याचं जीन शिवणारा जिनगर फारसी वळणाचे. पारशांनी तर थेट इंग्रजी धंदेच आडनावाला लावले: फारूख इंजिनिअर, नरी काँट्रॅक्टर.

पण लोहार म्हणजे स्मिथ हे भाषांतर मला अर्धंच पटतं. का, ते सांगण्याआधी एक चाक बघा. बैलगाडीचं लाकडी चाक सुतारानं घडवायचं. धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, लोहारानं चाकाहून किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आरात लाल होईस्तोवर तापवायची. तापली की ती फुगते. मग दोघा-तिघांनी सांडशीत धरून ती चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्र आवाज, धुराचा लोट, आणि आकसलेली धाव लाकडाला अशी आवळून बसायची की आरा न् आरा जागच्या जागी. इंग्लंडच्या खेड्यातले व्हीलराइट आणि स्मिथ हेच काम याच रीतीनं करत. इथवर दोघं सख्खे भाऊ.

फरक पुढं आहे. स्मिथच्या पोरानं पाव भाजले तरी तो स्मिथच राहिला आणि बेकरच्या पोरीशी लग्न केलं तरी गाव गोळा झालं नाही. आपल्याकडं धंदा बलुत्यात बांधला गेला. खळ्यावरचा धान्याचा वाटा आणि त्याबरोबर पिढीजात काम. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा'त ही सगळी व्यवस्था मांडली आहे. आता माळेगाव साखर कारखान्याकडं ऊस घेऊन जाणारी बैलगाडी रबरी टायरवर पळते. धाव गेली, भाता थांबला, बलुतं बंद झालं; आडनाव ऐकून जात ओळखायची खोड तेवढी शाबूत आहे. 2020 च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो योग्यच. पण वस्तीची पाटी उतरवता येते, माणसाच्या नावाचं तसं नाही.

म्हणून सुतारानं, लोहारानं आडनाव बदलावं असं मी म्हणणार नाही. तेरचे गोरा कुंभार, अरणचे सावता माळी यांची नावं वारकरी धंद्यासकटच घेतात. बदलायचंच तर "म्हणजे तुम्ही कोण?" हे विचारणाऱ्यानं आपलं तोंड बदलावं.

वाचकांना एक विनंती. तुमचं आडनाव एखाद्या हत्यारावरून किंवा कामावरून आलं असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा. त्या हत्याराच्या एकेका भागाला काय म्हणत, ते विचारून वहीत उतरवा आणि एक प्रत या सदराकडं धाडा. 'धाव' हा शब्द टपरीवरच्या त्या पोराला धावसंख्येपुरताच माहीत होता.