शब्दाचा अर्थ वाक्यात शोधा



'बादली खाली आहे' हे मराठी वाक्य ऐकले की घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला वाटते, बादली रिकामी आहे. मराठी माणसाला मात्र बादली खालच्या बाजूला आहे, असे सांगायचे असते. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे समझोत्याचा कागद. मराठीत राजीनामा देणे म्हणजे नोकरी किंवा पद सोडणे. शब्द तोच, पण खरा अर्थ वाक्यात कळतो. दोन भाषांत वावरणाऱ्या तुम्हांला याचा अनुभव रोज येतो. मग इंग्रजी शिकताना आपण हे का विसरतो?

जुन्नर असो, मंचर असो की घोडेगाव, आपल्याकडच्या अनेक वह्यांत एका बाजूला इंग्रजी शब्द आणि त्याच्यासमोर एक उर्दू शब्द लिहिलेला असतो. अशा याद्या मुले तोंडपाठ करतात. परंतु 'हा शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा' असा प्रश्न आला की पेन थांबते. माझ्या मते हा दोष मुलांच्या बुद्धीचा नाही, पद्धतीचा आहे.

'कझिन' हा शब्द पाहा. मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, आणि तशाच बहिणी. यांपैकी कोणता शब्द समोर लिहाल? कोणताही एक लिहिला तरी अर्थ अपुरा राहतो. त्याऐवजी 'द चाइल्ड ऑफ युवर अंकल ऑर आँट' एवढे लिहिले की सारी नाती त्यात येतात.

'बॉरो' आणि 'लेंड' या दोन्ही शब्दांसमोर मुले 'उधार' लिहितात आणि घोटाळा करतात. 'आय बॉरोड अ पेन फ्रॉम सलमा' आणि 'सलमा लेंट मी अ पेन' ही दोन वाक्ये शेजारी लिहा. घेणारा कोण आणि देणारा कोण, हे लगेच कळेल.

आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 प्रचंड तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. दुर्बीण म्हटले की डोळा लावून पाहण्याची नळी आठवते. इथे तर कोणी डोळा लावत नाही. 'अ रेडिओ टेलिस्कोप कलेक्ट्स रेडिओ वेव्हज फ्रॉम स्पेस' या एका वाक्याने तिचे काम समजते.

कोणी विचारील, "अर्थही इंग्रजीतच लिहायचा, तर तो कळणार कसा?" ही शंका योग्य आहे. अवघड शब्दाचा अर्थ अवघड शब्दांत सांगितला तर काहीच हाती लागत नाही. बंगालमध्ये ढाक्याला काम केलेले शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी यावर उपाय काढला. 1935 साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेल्या शब्दकोशात सुमारे 24,000 शब्द व वाक्प्रचार अवघ्या 1,490 सोप्या शब्दांत समजावले. पुढे 1978 साली लाँगमन शब्दकोशानेही सुमारे 2,000 शब्दांत अर्थ सांगण्याची हीच रीत घेतली. म्हणजे थोडे शब्द पक्के असले की त्यांच्या आधाराने पुष्कळ शब्द शिकता येतात.

याचा अर्थ मातृभाषा दूर ठेवा, असा नाही. 'अनियन' म्हणजे कांदा, एवढे पुरे; त्याची व्याख्या करत बसण्यात वेळ घालवू नये. शंका आली तर उर्दू किंवा मराठी शब्द जरूर पाहावा. पण तेथेच थांबू नये.

रोज दहा शब्द नकोत, तीनच घ्या. प्रत्येकाचा सोपा अर्थ लिहा. मग आपल्या घराविषयी, शेताविषयी किंवा बाजाराविषयी स्वतःचे एक वाक्य करा आणि ते मोठ्याने वाचा. वाक्य चुकले तरी घाबरू नका. शिक्षकांकडून दुरुस्त करून घ्या.

दहावीनंतर विज्ञान घेतलेत तर पुस्तके इंग्रजीत असतील. प्रत्येक ओळीखाली उर्दू अर्थ लिहून देणारे तेव्हा कोणी भेटणार नाही. हुशार मुलाने केवळ भाषेच्या भीतीने आवडीचा विषय सोडावा, ही मोठी हानी आहे. ती टाळण्याची तयारी आठवी-नववीतच करता येते. त्यासाठी महागडी शिकवणी लागत नाही. एक वही आणि रोजची तीन वाक्ये पुरतात.