आवाज बाईचा, शब्द कुणाचे?

परदेशातल्या पॉप गाण्यांच्या अल्बमवर आपल्या अंकातलं पान कशाला खर्च करायचं, असं एका मैत्रिणीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण तो अल्बम ज्या तऱ्हेने जोखला गेला, ती तऱ्हा आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वीडनचा 'अ‍ॅबा' हा दोन बायका आणि दोन पुरुषांचा गट. आग्नेता फेल्टस्कोग आणि आनी-फ्रीद ल्युंगस्टाड ऊर्फ फ्रीदा मुख्यतः गाणार. ब्यॉर्न उल्व्हेअस आणि बेनी अँडरसन गाणी रचणार. दोन्ही जोड्या पुढे नवरा-बायको झाल्या. 'हम किसीसे कम नहीं' (1977) मधलं 'मिल गया हमको साथी' यांच्याच 'मम्मा मिया'वर बेतलेलं, म्हणजे गटाचं नाव ठाऊक नसलं तरी चाल आपल्या कानावरून गेलेली आहे. 1980 आणि 1981 मध्ये दोन्ही संसार मोडले, 1982 नंतर गटही थांबला. शेवटच्या अल्बमनंतर चाळीस वर्षांनी, 5 नोव्हेंबर 2021 रोजी, चौघांचा 'व्हॉयेज' आला. दहा गाणी. ब्रिटनमध्ये तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

समीक्षकांचे दोन तट पडले. एकाला जुन्या आठवणींनी गहिवरून आलं. दुसऱ्याने नाक मुरडलं: जुनाट, गोडगोड, काळाच्या मागे. मी वाचलेल्या परीक्षणांत एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती. दोघींचं वय मोजलं गेलं आणि आवाज त्या वयाच्या तराजूत घातला गेला. फ्रीदा पंचाहत्तर वर्षांची, आग्नेता एकाहत्तर. आवाज थोडा खाली उतरलाय, पण अजून शाबूत आहे हो! बेनीची बोटं पियानोवर पूर्वीइतकी चालतात का, हे कुणी इतक्या काळजीने तपासलं? यात नवं काहीच नाही. 1977 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात एका वर्तमानपत्राने आग्नेताच्या गाण्याऐवजी तिच्या नितंबांवर मथळा दिला होता. तेव्हा अंग मोजलं, आता वय मोजलं. मोजपट्टी तीच.

आता शब्दांकडे या. दहाही गाण्यांवर रचनाकार म्हणून त्या दोन पुरुषांचीच नावं आहेत. 'आय कॅन बी दॅट वुमन' या गाण्यातली बाई बिघडलेल्या संसाराचा दोष पदरात घेते आणि आता आपण हवी तशी बाई होऊ, असं सांगते. काही समीक्षकांनी या चित्रावर बोट ठेवलं, हे बरंच झालं. पण पुढचा प्रश्न राहूनच गेला. बाईची कबुली पुरुषाने लिहायची आणि बाईने आपल्या गळ्यातून द्यायची, ही वाटणी ठरवली कुणी? 1980 मध्ये, घटस्फोटाच्याच सुमारास, हरलेल्या बाईचे शब्द ब्यॉर्नने लिहिले आणि आग्नेताने गायले. जगाने ते तिचं आत्मचरित्र मानलं!

पुरुषाने बाईचं दुःख लिहूच नये, असं माझं म्हणणं नाही. याच अल्बममध्ये घटस्फोटित आई मुलाला त्याच्या बापाकडे सोडून परत फिरते, ते गाणं मनाला भिडतं. माझी तक्रार वेगळी आहे. आग्नेताला रचता येत नव्हतं का? 1968 मध्ये स्वतः रचलेल्या गाण्यानेच ती स्वीडनमध्ये गाजली. 1975 च्या तिच्या स्वीडिश अल्बमचं नावच मुळी 'एका घरात अकरा बायका' असं आहे आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या चाली तिच्या. 'अ‍ॅबा'च्या अल्बमांवर मात्र तिची चाल सापडते ती एकच, 1973 ची. हा हिशेब मांडणारं परीक्षण माझ्या वाचनात आलं नाही.

आणि देखावा? 27 मे 2022 पासून लंडनमध्ये या गटाचे कार्यक्रम सुरू झाले, ते संगणकाने घडवलेल्या आकृत्यांचे. पाच आठवडे 160 कॅमेऱ्यांपुढे चौघांच्या हालचाली टिपल्या आणि त्यांवर 1979 ची रूपं चढवली. पुरुषही तरुण केले, हे खरं. पण पिकल्या दाढीचा पुरुष रंगमंचावर अनुभवी ठरतो, सुरकुतलेली बाई 'अजून गाते' ठरते.

आपल्याला यात नवल वाटायला नको. 'हम आपके हैं कौन' 1994 मध्ये आला तेव्हा लताबाई चौसष्ट वर्षांच्या होत्या आणि पडद्यावर सत्तावीस वर्षांची माधुरी. म्हातारा आवाज चालतो, म्हातारं शरीर चालत नाही. याच लताबाईंनी 1960 च्या दशकात गायकांच्या रॉयल्टीची मागणी लावून धरली, तेव्हा त्यांनाही विरोध सोसावा लागला. गळा तुमचा, मालकी आमची!

तेव्हा मैत्रिणींनो, कुठल्याही बाईच्या गाण्याचं परीक्षण वाचताना तीन प्रश्न विचारूया. शब्द कुणाचे? पैसा कुणाचा? आणि तिचं वय लिहिलं असेल, तर शेजारच्या पुरुषाचं लिहिलंय का? जात्यावर बसलेल्या आपल्या आजीने ओवी रचली तीही तिनेच, गायली तीही तिनेच. तिला कुणी वय विचारलं नाही. कुणी तिचं नावही लिहून ठेवलं नाही, ही दुसरी बाजू. नाव लिहून घेण्याचं काम आता आपलं आहे.