बाबासाहेबांचे 'अठरा तास' पोरांच्या पाठीवर मारू नका

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात बारावीतल्या एका मुलीचा जीव गेला. नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून वडिलांनी तिला मारहाण केली होती. लक्षात घ्या, ही मुख्य परीक्षासुद्धा नव्हती, सराव परीक्षा होती! वडील अडाणी नव्हते, शिक्षकी पेशातले होते. त्यांना अटक झाली, बातमी चार दिवस चालली आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागलो.

'असला बाप आमच्यात नाही' असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण मारायला काठीच लागते असे नाही.

मिरज, तासगाव, कराडकडच्या वस्त्यांत आम्ही मुलांच्या अभ्यासाचे काम करतो. एका अभ्यासिकेतल्या मुलीने सराव परीक्षेच्या गुणांच्या दोन वह्या ठेवल्या होत्या. एक खरी आणि एक घरी दाखवायची. घरात तिला कुणी बोटही लावत नव्हते. आई द्राक्षबागेत रोजाने जाते. ती फक्त एवढेच म्हणायची, "बाळा, आपल्या सगळ्यांचं तुझ्यावरच हाय." आणि आम्ही कार्यकर्ते काय म्हणत होतो? "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुला दहा तास बसायला काय होतं?" त्या खोट्या वहीला आम्हीही तेवढेच जबाबदार होतो. हे कबूल केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

सवर्ण मध्यमवर्गीय घरातला मुलगा नापास झाला तर एक मुलगा नापास होतो. आपला मुलगा नापास झाला की अख्खी वस्ती नापास झाल्यासारखी वाटते. शिवाय पास झाला तरी 'कोट्यातला' हा टोमणा कॉलेजच्या दारात उभाच असतो. सतरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर घराचे कर्ज, समाजाची इज्जत आणि आरक्षणाचा बचाव असे तीन बोजे एकदम ठेवायचे आणि वर म्हणायचे, 'टेन्शन घेऊ नको'!

आता बाबासाहेबांकडेच जाऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आपण मिरवणूक काढतो, हार घालतो. पण १९०७ साली मॅट्रिकला त्यांना किती गुण होते, हे किती पालकांना माहीत आहे? ७५० पैकी २८२. म्हणजे ३८ टक्केही नाहीत. त्या काळी आपल्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट होती, म्हणून त्यांचा जाहीर सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. 'एवढेच का पडले?' असे विचारायला तो सत्कार नव्हता. आजचा क्लासवाला असता तर त्याने या विद्यार्थ्याला शेवटच्या बॅचमध्ये बसवले असते.

आणि रामजीबाबांनी काय केले? परळच्या चाळीतली एक खोली. पोराला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, दोनला त्याला उठवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. पुस्तकासाठी लेकीचे दागिने गहाण टाकायचे. शिस्त कडक होती, पण जागरणाचा पहिला वाटा बापाने स्वतः उचलला होता. अठरा तासांची गोष्ट सांगताना आपण रामजीबाबांना वगळतो. आणि हेही विसरतो की बाबासाहेबांची ती बैठक ज्ञानाच्या भुकेतून आली होती, निकालाच्या धाकातून नाही. भुकेने खाणे वेगळे, कोंबून भरवणे वेगळे.

थोडे गणितही मांडू. २०२५ ला नीटसाठी सुमारे पावणेतेवीस लाख अर्ज होते. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे दर अठरा-वीस मुलांमागे एक जागा. उरलेली सगळी मुले आळशी आहेत काय? जागा कमी असणे हा सरकारचा नाकर्तेपणा आहे. तो पोराचा गुन्हा म्हणून त्याच्या माथी मारणे ही व्यवस्थेचीच वकिली झाली.

मग करायचे काय? अभ्यास सोडायचा? अजिबात नाही. अभ्यास जोरात झाला पाहिजे, पण बोजा वाटून घेतला पाहिजे.

सराव परीक्षा म्हणजे पोराची लायकी मोजायचे माप नव्हे, चुका सापडायची जागा. गुण किती विचारू नका, 'कुठं अडलं?' विचारा. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, सीईटीत कापला जात नाही. कुठे थांबायचे आणि कुठे ठोकून द्यायचे हे शिकायला सराव असतो. झोप कापू नका. दुसरी वाट आधीच ठरवा: नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी, कृषी. ही हरलेल्यांची यादी नाही, हे मुलांसमोर मोठ्याने बोला.

कागदपत्रांचा जाच मुलांवर टाकू नका. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा. उत्पन्नाचा दाखला, केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला, बार्टीच्या जाहिराती, शिष्यवृत्तीच्या तारखा हे काम आपल्या कार्यकर्त्यांचे आहे. डीजेच्या वर्गणीसाठी फिरणारी पोरे यासाठी का फिरत नाहीत?

क्लासवाल्यांनाही जाब विचारा. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याची सुट्टी द्यावी लागते, चाचणीचे निकाल चारचौघांत लावता येत नाहीत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुणांवरून बॅच पाडायला आणि जाहीर अपमान करायला मनाई केली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, असेही सांगितले. भिंतीवर रँकची यादी दिसली तर निवेदन घेऊन जा. आणि पोर गप्प गप्प झाले, जेवेना, झोपेना, तर 'नाटकं' म्हणू नका. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

तथागतांनी सोण भिक्खूला वीणेची तार दाखवली होती. ढिली तार वाजत नाही, फार ताणली की वाजत नाही. आपण धम्म स्वीकारला, पण घरात पोराची तार ताणताना तो आठवत नाही.

त्या मुलीची खोटी वही आता बंद झाली आहे. तिचे गुण फार वाढलेले नाहीत. पण कुठे अडले ते ती सांगते, आणि आम्ही ऐकायला बसतो. येत्या ७ नोव्हेंबरला तुम्हीही मिरवणुकीनंतर तासभर वस्तीतल्या अकरावी-बारावीच्या मुलांजवळ बसा. भाषण करू नका. फक्त विचारा आणि ऐका.

जय भीम!